कडूमायची वत्सला

सेलूहून पाथरीच्या रस्त्याला लागलं की तिसरं गाव. त्या गावच्या बायांना कुणी विचारलं असतं, की बायांनो, तुमी कोणत्या कादंबऱ्या वाचल्यात, तर त्या पदर तोंडाला लावून हसल्या असत्या. वाचायला येतंय कुणाला! पण वत्सला कोण म्हणून विचारा की. एकेकीनं तिथंच फतकल मारून वत्सलेच्या माहेरच्या चिंचेपासून सासूच्या नथीपर्यंत सगळं सांगितलं असतं. सख्ख्या नणंदेचं एवढं सांगता येणार नाही कुणाला. आणि हे सगळं कडूबाईमुळं.

कडूबाई म्हणजे लिंबाजीची बायको. तिच्या आधीची दोन लेकरं जगली नाहीत म्हणून आईबापानं हिचं नाव कडू ठेवलं, देवाला गोड लागू नये म्हणून. तेवढ्यावर ती जगली. सेलूला मामाकडं राहून चौथी शिकली, आणि लग्न होऊन या गावात आली तर सगळ्या आळीत अक्षर ओळखणारी बाई ती एकटीच. लिंबाजी सेलूच्या कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होता. तिथल्या कुण्या कारकुनानं रद्दीत टाकलेल्या तीन कादंबऱ्या त्यानं एकदा बायकोसाठी उचलून आणल्या. तिन्हींचे पुठ्ठे गेलेले, पहिली पानं गेलेली, त्यामुळं नाव काय, लिहिलं कुणी, कशाचा पत्ता नाही. कडूबाईनं आपलीच नावं ठेवली. एक आंधळ्या मास्तरची, एक भांडखोर बायकोच्या नवऱ्याची आणि एक वत्सलेची. भांडखोर बायकोवाली वाचून हसता हसता पुरेवाट व्हायची. आंधळ्या मास्तरची लय चांगली. वत्सलेची सगळ्यांत चांगली, कारण ती ऐकताना प्रत्येक बाईला वाटायचं, आपलंच सांगायली की ही.

आता या गोष्टी सांगायच्या कधी? घरी कुणाला फुरसत? त्या सांगितल्या जायच्या कापूस वेचताना. दसरा झाला की वेचणी लागायची. वेचणी म्हणजे जितकं वजन तितकी मजुरी, तोंड चाललं की हात थांबतो. म्हणून बायांनी एक रीत पाडली होती. प्रत्येकीनं कपाशीची आपली एक ओळ, आपली पात धरायची, कडूबाईनं मधल्या पातीत चालायचं आणि सांगायचं, आणि पात संपली की प्रत्येकीनं आपल्या ओटीच्या फडक्यातली एक मूठ कडूबाईच्या ओटीत टाकायची. तिला म्हणायचे गोष्टीची मूठ. वत्सलेला पहिल्यांदा मारहाण झाली त्या दिवशी मुठी मोठ्या पडायच्या. गोष्ट रेंगाळली की मूठ चिमटीवर यायची. असला रोखठोक वाचक मोठमोठ्या लेखकांना मिळत नसेल.

वत्सला पहिल्यांदा सांगितली अठ्ठ्याहत्तर साली. त्याच पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. या गावातही बौद्धवाड्यातली चार घरं जळाली. जाळणारे गावातलेच होते, त्यांची नावं सगळ्यांना माहीत होती, आणि कुणीच ती घेत नव्हतं. वेचणी लागली तशी बौद्धवाड्यातली धुरपताबाई पुन्हा पातीत आली. तिचं घर गेलं होतं, ती मांडवात राहत होती. बाया तिच्याशी बोलताना खाली बघायच्या. कडूबाईनं वत्सला सुरू केली ती त्या शांततेला भिऊनच. कुणीतरी काहीतरी बोललं पाहिजे की नाही!

गोष्ट अशी. वत्सला चांगल्या घरची, सासर वाड्याचं, पण सासू म्हणजे नुसता विस्तव. मारते, उपाशी ठेवते. वत्सला माहेरी पळून येते. बाप म्हणतो, दिल्या घरी सुखी राहावं. आई रडते पण बापापुढं बोलत नाही. शेवटी वत्सला परत जायला निघते. आणि ती वाड्याच्या दाराशी पोचते तिथं त्या दिवशीची पात संपली होती.

पुढं काय झालं हे कडूबाईला माहीत होतं. पुस्तकात छापलंय ते तिनं वाचलं होतं, आणि वाचून दोन दिवस जेवली नव्हती. दुसऱ्या दिवशी ती सांगायला तोंड उघडणार तर धुरपताबाई म्हणाली, "कडूमाय, तिला मारू नका बरं का. यंदा लय झालं बगणं. गोष्टीत तरी बरं होऊ द्या."

बाकीच्या बायांचेही हात थांबले होते. कडूबाईनं धुरपताबाईच्या तोंडाकडं बघितलं आणि तिथल्या तिथं शेवट बदलला. वत्सला दाराशी गेली. सासूनं दार उघडलं. म्हातारी तापानं फणफणली होती. वत्सलेनं तिचे पाय चेपले, पेज करून पाजली, आणि सासू रडून म्हणाली, पोरी, मीच चुकले गं. दोघी एका ताटात जेवल्या. बायांनी डोळे पुसले. त्या दिवशी मुठी इतक्या पडल्या की कडूबाईला ओटी उचलवेना.

यात काय पाप होतं सांगा! एका जळालेल्या घरच्या बाईनं मागितलं आणि हिनं दिलं. त्यानंतर दरवर्षी वत्सला त्याच शेवटानं सांगितली गेली. बाया म्हणायच्या, कडूमाय, वत्सलेची सांगा. अगं, मागच्या सालीच ऐकली ना? मग काय झालं, परत ऐकू. कडूबाईला पण आता वैद्याच्या पुडीसारखा अंदाज आला होता, कुणाला कोणती द्यायची. पोटुशी बाई असली की आंधळ्या मास्तरची. नवरा-बायकोचं वाजलेलं असलं की भांडखोर बायकोची. आणि सासुरवासाला कंटाळलेली कुणी माहेरवाशीण आली की तिची आई स्वतः तिला पातीत घेऊन यायची. "हिला वत्सलेची ऐकू द्या हो कडूमाय," म्हणायची. शेजारच्या गावच्या पोरीसुद्धा ऐकून गेल्या. काही नांदल्या. काहींचं काय झालं ते कळलं नाही.

चौऱ्याऐंशी सालच्या वेचणीला कडूबाईची स्वतःची लेक, दैवशाला, माहेरी आली. सासर गंगेकाठच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, एका गावी. लग्नाला दीड वर्ष झालेलं. दंडावर वळ, बोलणं कमी. लिंबाजी म्हणाला, राहू दे चार रोज. दैवशाला आईबरोबर पातीत आली, आणि बायांनीच हौसेनं सांगितलं, "आगं, लेक आलीय तर वत्सलेची लावा की!" कडूबाईनं लावली. लेक गोष्ट लहानपणापासून ऐकत आलेली, पण त्या वेळी तिनं कान देऊन ऐकली. शेवटच्या दिवशी घरी येताना पांदीत तिनं विचारलं, "माय, खरंच अशी सासू निवती का गं?"

"निवती की," कडूबाई म्हणाली. "आपुन नीट वागलं की दगड बी निवतो."

दैवशाला आपणहून परत गेली. कुणी ढकललं नाही तिला. पिशवीत मेथीचे लाडू घेऊन एस्टीत बसली. संक्रांतीच्या आधी निरोप आला, स्टोव्हचा भडका झाला म्हणून. लिंबाजी आणि भावकीतले दोघं गेले, तोवर सगळं आटपलं होतं.

बाया भेटायला आल्या. गळ्यात पडून रडल्या. नशीब, म्हणाल्या. देवाची करणी, म्हणाल्या. तुमी काय करणार, म्हणाल्या. चतुराबाई तर रोज यायची. ती कडूबाईच्या घरामागं राहायची, दोघींची लग्नं एकाच साली झालेली, दैवशाला तिच्याच मांडीवर अर्धी वाढलेली. चतुराबाई भाकर घेऊन यायची आणि म्हणायची, "खा गं. नशिबापुढं कुणाचं चाललंय?" कडूबाई खायची. मीठ कमी आहे का जास्त, कळायचं नाही. रडू म्हणाल तर आलंच नाही. दहाव्याला नाही, तेराव्याला नाही. एक-दोघी कुजबुजल्यासुद्धा, काय बाई हाय, डोळ्याला पदर लागला न्हाई हिचा. कडूबाईनं ते ऐकलं, आणि तिला त्याचं वाईटही वाटलं नाही.

तिला काहीच वाटत नव्हतं, हीच तर तिची तकलीफ होती. विंचू चावून बोट सुन्न पडावं तशी ती सगळीच सुन्न झाली होती. वेचताना बोंडाचं नख लागून बोट फाटायचं, कापसाला रक्त लागलेलं दुसरीनं दाखवावं लागायचं. मग तिनं एक करून बघितलं. तिन्ही कादंबऱ्या पुन्हा काढल्या. आंधळ्या मास्तरला त्याची विद्यार्थीण न्यायला येते, त्या जागेला ती दरवेळी हमसून रडायची. ते पान काढलं, वाचलं, मिटलं. भांडखोर बायको नवऱ्याचं धोतर विहिरीत टाकते, तिथं हसू आलं नाही. वत्सलेची वाचली ती दाराशी पोचेपर्यंत. शेवटची दोन पानं तिनं उघडली नाहीत. काय लिहिलंय ते तिला ठाऊक होतं, आणि साऱ्या गावात तिलाच एकटीला ठाऊक होतं.

आणि गंमत बघा, वेचणीला ती पहिल्यापेक्षा चांगली सांगायला लागली. आधी सांगता सांगता तिचाच गळा भरून यायचा, गोष्ट अडायची. आता अडत नव्हती. रडवायच्या जागी बायांना रडवायची आणि स्वतः पुढच्या झाडाला हात घालायची. बाया म्हणायच्या, कडूमायच्या तोंडात सरस्वती हाय. एक तेवढं झालं, वत्सलेची मात्र ती सांगेना. विचारलं की म्हणायची, उंदरांनी खाल्लं पुस्तक. बायांना वाटायचं, लेकीच्या आठवणीनं नको म्हणत असेल, आणि त्या गप्प बसायच्या.

मधेच गावात टीव्ही आला. किशनराव सरपंचांनी आणला, आणि रविवारी संध्याकाळी ओट्यावर ठेवून सगळ्या गावाला दाखवायचे. एक मालिका लागायची हिंदीत. एका छापखानेवाल्याचं घर, दोन भाऊ, मोठी भावजय सगळं सोसणारी. चित्राला मुंग्या आल्या की किशनराव स्वतः माळवदावर चढून अँटेना फिरवायचे, खालून सगळं गाव ओरडायचं, आलं आलं, गेलं गेलं! बायांना हिंदी अर्धं कळायचं. मग सोमवारी पातीत कडूबाईनं ते सगळं मराठीत सांगायचं, आणि मुंग्या आल्या तेवढं आपल्या पदरचं घालायचं. धुरपताबाई म्हणायची, "टीव्हीपेक्षा कडूमायचीच बरी. हितं लाईट जात न्हाई." त्या मालिकेतली भावजय कितीही छळली तरी पुढच्या रविवारी कुणीतरी तिचे पाय धरायचंच. कडूबाई ते बघायची. ओट्यावरच्या बाया मुसमुसायच्या, ही ठोकळ्यासारखी बसायची आणि मनात म्हणायची, खोटं हाय. पण म्हणायची म्हणजे कशी, बाहेर ऊन आहे म्हणावं तशी. राग नाही, काही नाही.

अठ्ठ्याऐंशीच्या वेचणीला चतुराबाईची लेक कुसुम माहेरी आली. सव्वा वर्षाचा संसार. पोरगी पाचवी शिकलेली, बोलकी होती. आता आली ती गोठ्याच्या भिंतीला टेकून बसायची. जेवताना ताट मांडीवर घ्यायची आणि आजूबाजूला बघत भराभर खायची, कुणी ओढून घेईल म्हणून. बाप सटवाजी म्हणाला, शनिवारी जावई जीप घेऊन येतोय, पाठवून देऊ, लोक काय म्हणतील. कुसुम म्हणाली, मी जात न्हाई.

बुधवारी चतुराबाई कडूबाईकडं आली. चुलीपाशी बसली, राखेत काडीनं रेघा ओढत राहिली.

"कडू, एक मागू का?"

"माग की."

"वत्सलेची सांग गं पोरीला. मला ठावं हाय, तुला जड जातंय. पन ती तुझं ऐकती. माझं न्हाई ऐकायली, बापाचं न्हाई ऐकायली. शनवारी माणसं यायलेत. चार लोकांत तमाशा झाला तर हिच्या बापाला तोंड न्हाई राहायचं. गोष्ट ऐकली तर पोर आपल्या पायानं जाईल."

कडूबाई भाकर थापत होती. दैवशालाही आपल्या पायानंच गेली होती, हे तिच्या तोंडाशी आलं आणि तिथंच राहिलं. नाही म्हणावं तर कारण सांगावं लागणार. हो म्हणावं तर... तिनं भाकर तव्यावर टाकली.

"उंदरांनी खाल्लंय ना पुस्तक," ती म्हणाली.

"तुला काय करायचं पुस्तक! तोंडपाठ हाय तुला. दोन दिवसांत बसव. माझ्यासाठी."

चार वर्षं रोज भाकर घेऊन येणारी बाई. तिला कडूबाई काय म्हणणार? बरं, म्हणाली.

गुरुवारी किशनरावांच्या रानात पाती लागल्या. वत्सलेची म्हटल्यावर बाया खुलल्याच. "आगं माय, किती वर्सांनी!" कडूबाईनं माहेरच्या चिंचेपासून सुरू केलं. कुसुम तिच्या डाव्या हाताच्या पातीत होती. पोरगी वेचत होती, पण अर्धा कापूस बोंडातच राहत होता. वत्सलेला पहिल्यांदा मारलं. वत्सलेला उपाशी ठेवलं. वत्सला पळून आली. आई रडली, बापापुढं बोलली नाही. इथं चतुराबाईनं मान फिरवून भलतीकडं बघितलं. उन्हं कलली तेव्हा वत्सला परत निघून वाड्याच्या दाराशी पोचली होती. कडूबाई म्हणाली, आता उद्या.

वजन करायला जाताना कुसुम मागून आली. हळूच म्हणाली, "मावशी, परत गेल्यावर सासू तिला जेवू घालती का?"

बाकी काही विचारलं नाही पोरीनं. निवते का, माया करते का, काही नाही. जेवू घालते का, एवढंच. कडूबाई म्हणाली, उद्या सांगते. आणि चालायला लागली तर तिच्या ध्यानात आलं, की मुठी पडलेली ओटी रानातच राहिली.

घरी आल्यावर दिवा लावायच्या आधी, उजेड होता तोवर, तिनं उतरंडीमागून पुस्तक काढलं. शेवटची दोन पानं उघडली. दहा वर्षांनी वाचली. वाचताना तिला रडू आलं नाही, धीर आला असंही काही झालं नाही. तिनं हिशेबाला एवढंच घेतलं, की उद्या आपण तोंड उघडून खरं सांगितलं तर पुढचा प्रश्न काय येणार, आणि तो कोण विचारणार. सगळ्या पातीला कळणार, की हिला माहीत होतं. लिंबाजीलाही कळणार. आणि नाही सांगितलं तर शनिवारी जीप येणार. पुस्तक मांडीवरच होतं. लिंबाजी आला, म्हणाला, उंदरांनी खाल्लं होतं म्हणालीस ना? ती म्हणाली, न्हाई खाल्लं.

शुक्रवारी तिनं पुस्तक पदराखाली खोचून नेलं. पाती धरल्या. बाया म्हणाल्या, "हां, दाराशी आली होती वत्सला. सासू तापानं फणफणली..." शेवट त्यांनाच पाठ होता.

"ताप-बीप काही नव्हता सासूला," कडूबाई म्हणाली. "सासू धडधाकट होती. तिनं दार उघडलं, हिला आत घेतलं आन् कडी लावली. अठराव्या दिवशी वत्सला आडात सापडली."

कुणाला वाटलं, कडूमाय चेष्टा करायलीय. कुणी म्हणाली, "अवो, काहीतरीच! एका ताटात जेवल्या ना?" चतुराबाई पातीतून उठून उभी राहिली. तिचं तोंड लाल झालं होतं.

"कडू! हे कामून सांगायलीस? मी काय सांगितलं होतं तुला?"

"खरं हाय ते सांगायले."

"खोटं बोलतीस! आमच्या कानांनी ऐकलंय कितीक वर्सं."

कडूबाईनं पदराखालून पुस्तक काढलं आणि कुसुमच्या हातात दिलं. "तू शिकलीयस. वाच. शेवटचं पान."

कुसुमनं हात लुगड्याला पुसले. पोरीला सवय राहिली नव्हती, ती एकेक शब्द जोडत वाचायला लागली. "अठराव्या दिवशी... पहाटे पाणी शेंदायला आलेल्या गड्याला... आडाच्या काठी एक वहाण दिसली. दुसरी... दुसरी पाण्यात होती. सासूबाई म्हणाल्या, पाय घसरला. मग वाड्यातले सगळे तेच म्हणू लागले. माहेरी निरोप गेला तेव्हा वडील म्हणाले, नशीब."

पुढं आणखी अर्धं पान होतं. कुसुमनं वाचलं नाही. पुस्तक मिटलं.

धुरपताबाई मटकन खाली बसली. "मीच म्हणले होते," ती म्हणाली, "मीच म्हणले होते, मारू नका तिला."

"तुमी म्हणला होता," कडूबाई म्हणाली. "पन वाचता मला येत होतं."

आता बायांच्या ध्यानात यायला लागलं. एकीच्या, मग दुसरीच्या. कुणी कडूबाईकडं बघेना. चतुराबाई मात्र बघत होती, डोळ्याला डोळा लावून. तिनं विचारलं, हळू आवाजात, "म्हंजी दैवशाला गेली तवा तुला ठावं होतं?"

"व्हय. मला ठावं होतं."

चतुराबाईनं कुसुमचा हात धरला, ओट्या तिथंच टाकल्या आणि भर दुपारी लेकीला घेऊन बांधावरून गावाकडं निघून गेली. बाकीच्या बाया वेचायला वाकल्या.

शनिवारी जीप आली. जावई, त्याचा चुलता आणि आणखी दोघं. सटवाजीनं घोंगडी टाकली, पाणी दिलं. चतुराबाई उंबऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "पोर पाठवायची न्हाई." लग्न झाल्यापासून नवऱ्यासमोर परक्या माणसांशी ती पहिल्यांदा बोलत होती. चुलता भडकला. इज्जत काढली, जात काढली, आईबाप काढले. सटवाजी म्हणाला, आत जा. ती गेली नाही. "तुमाला पाठवायची असंल तर मला मारून पाठवा," म्हणाली. तासभर आरडाओरडा झाला, गाव जमलं, किशनराव सरपंच मधे पडले, आणि शेवटी जीप रिकामी गेली. लिंबाजीनं घरी येऊन हे सगळं बायकोला सांगितलं. सांगताना तो दाराकडं बघत होता. रानातलं त्याच्या कानावर आलं होतं, पण त्यानं विचारलं काही नाही. तो कधीच काही विचारायचा नाही. कडूबाई म्हणाली, बरं झालं. तिला खरंच बरं वाटलं का, हे तिलाही सांगता आलं नसतं.

रविवारी संध्याकाळी सगळं गाव किशनरावांच्या ओट्यावर होतं. छापखानेवाल्याच्या घरात काय झालं ते बघायला लिंबाजीसुद्धा गेला. कडूबाई घरात एकटी, तांदूळ निवडत बसली होती. चतुराबाई आली. हातात भाकर नव्हती. ती बसली नाही, दारातच उभी राहिली.

"पोर ठेवून घेतली मी," ती म्हणाली.

"कळलं मला."

"ती वाचली. तुझ्यामुळं वाचली, ते मी म्हणते. पन मी ते सांगायला न्हाई आले." तिचा श्वास चढला होता. "चार वर्सं मी तुला म्हणत आले कडू, नशीब हाय, देवाची करणी हाय. रोज म्हणले. तोंड दुखलं माझं म्हणून म्हणून. नशीब-बिशीब काही न्हाई. तू पाठविलीस तिला. तुला माहीत होतं आन् तू पाठविलीस."

कडूबाईचा हात सुपात थांबला.

"माझ्या अंगाखांद्यावर वाढली होती ती पोर. न्हाऊ घातलंय मी तिला. मी न्हाई तुला माफ करायची, समजलं? मरंस्तोवर न्हाई."

असं तिला आजवर कुणी म्हणालं नव्हतं. सगळ्यांनी नशीब म्हटलं होतं, आणि ती एकटी मनात रोज स्वतःला म्हणत होती, म्हणून म्हणून त्यातला अर्थ गेला होता. आता दुसऱ्याच्या तोंडून, तिच्याच घरात मोठ्यानं, ते बाहेर आलं. कडूबाईनं सूप बाजूला ठेवलं. "व्हय गं," ती म्हणाली, "मीच पाठविली. माझी दैवशाला गं, मी पाठविली तिला..." आणि तिच्या पोटातून असा काही आवाज निघाला, की ओट्यावर टीव्हीपुढं बसलेल्या बाया माना वळवून बघायला लागल्या.

चतुराबाईनं तिला गप्प केलं नाही. नशीब म्हणाली नाही, जवळ घेतलं नाही, माफही केलं नाही. खाली उंबऱ्यात बसली, आणि तिचं रडून होईपर्यंत तिथून हालली नाही.